कान तुटलेला कप

नातवासाठी आपल्या मुलीचं स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला लेकानं वेगळ्या, कान तुटलेल्या कपात चहा दिला, तशी राहेलबाईच्या मस्तकात तिडीक गेली. बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या, तरी घरातून जात काही निघत नव्हती.

"दानिएल, सकाळी देवळात 'पवित्र जनांच्या संगतीवर विश्वास ठेवतो' म्हणून घसा ताणलास. प्रभुभोजनाचा तोच प्याला ह्यांच्यामागून ओठाला लावलास. मग घरी विटाळ कुठून आला रे, मुडद्या?"

"आई, लोक काय म्हणतील?"

"क्रुसावर तुझ्यासाठी लोक मेले होते का?"

पाहुणा खालमानेनं उठू लागला. राहेलबाईनं त्याच्या हातातला उष्टा कप ओढून घेतला, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"बसा, व्याही. लग्नाची तारीख काढू."