काम कुठे अडतंय?

आधीच प्रॉजेक्टचे बारा वाजलेले, त्यात सरांच्या डोक्यात सिम्युलेशनचं खूळ शिरलं. त्यांनी टीममधल्या एकीला जागेवरून उठवून काचेच्या खोलीत बसवलं. "हातातलं सगळं बाजूला ठेवा. कॉम्प्युटरवर आपली हुबेहूब टीम उभी करा आणि काम नेमकं कुठे अडतंय, ते मला दाखवा."

तिने डोक्याचा पार भुगा करून घेतला. पडद्यावरच्या टीममध्ये दोन प्रोग्रामर वाढवले, तर अडलेल्या कामाचा ढीग आणखीच वाढला. मीटिंगा निम्म्या केल्या, तरी ढीग ढिम्म हलेना. शेवटी वैतागून तिने टेस्टिंगला एक माणूस दिला आणि ढीग बघता बघता वितळला. तिने कपाळावर हात मारला आणि ढिगाचा आलेख घेऊन तडक सरांची केबिन गाठली.

"सर, काम टेस्टिंगला अडतंय. तिथे कुणीच नाहीये! कसं असेल? एकटी मी होते, ती तुम्ही काचेच्या खोलीत नेऊन बसवलीत. आता तरी मला माझ्या जागेवर जाऊ द्या."

सरांनी आलेख कौतुकाने खालीवर न्याहाळला.

"अहो, पण तुम्ही टेस्टिंगला गेलात, तर काम कुठे अडतंय ते मला सांगणार कोण?"