चव्वेचाळीस पानं

प्रत्येक पानावरचा गोल शिक्का कडेपासून बरोबर दोन सेंटिमीटर आत होता. चव्वेचाळीस पानांत एकदाही हललेला नव्हता. रुसे शहरातल्या रंगकारखान्यातली रसायनतज्ज्ञ रालित्सा ते पाहत होती. ऑफिसच्या संगणकावरून तिनं बहिणीला पाठवलेले खासगी मेसेज कारखान्याचे मॅनेजर गेन्चेवसाहेबांनी गुपचूप छापून घेतले होते. पोटातच गेलेल्या बाळाबद्दलचेसुद्धा. त्यातल्या प्रत्येक पानाखाली ‘वाचलं, मान्य’ लिहून तिनं सही करायची होती. “कामाच्या वेळेत रडगाणी, बाई?” साहेब हसले. “सतराव्या पानावर बाळाचं नाव वाचून माझेही डोळे भरून आले हो! करा सही, नोकरी टिकेल.” कोर्टातही हे वाचलं जाईल या धास्तीनं, साहेब मेसेज वाचतात हे कळल्यापासून महिनाभर तिनं दावा टाळला होता. तिची कानशिलं तापली. सही न करताच तिनं गठ्ठा उचलला. “तुम्ही चोरून वाचलंत. आता न्यायाधीश माझ्या परवानगीनं वाचतील. मी दावा ठोकतेय.”