डावीकडचा ठिपका

“हा डाग पुसून टाकता येईल का गं?” रविंद्ररावांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

नीतानं लॅपटॉपवरचं चित्र थांबवलं. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या तिच्या ऑफिसात जुने सिनेमे साफसूफ करून पुन्हा उभे करतात, आणि काम फार तुंबलं की ते शनिवारी घरी डायनिंग टेबलावर येतं. सध्या पाळी होती एका जुन्या कँटोनीज सिनेमाची. व्हिएतनाममधून होडक्यांतून पळालेल्या निर्वासितांची गोष्ट. त्याची ब्लू-रे डिस्क महिन्याभरात बाजारात यायची होती.

सिनेमाची सुरुवातच खऱ्या चित्रीकरणानं होते. १९७९ साली एका मालवाहू जहाजानं भर समुद्रात एकसष्ट माणसांना वर घेतलं, ते जहाजावरच्याच एका अधिकाऱ्यानं हौसेनं टिपलं होतं. त्या जहाजाचे थर्ड ऑफिसर म्हणजे नीताचे सासरे रविंद्रराव. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ही हकिगत मिळायची.

“कुठला डाग, बाबा?”

“हा, डावीकडे कोपऱ्यात. धूळ असणार.”

“धूळ एका फ्रेममध्ये दिसते, पुढच्या फ्रेमला गायब. त्यावरूनच ओळखतो आम्ही. हा सलग नव्वद फ्रेम आहे, लाटेबरोबर खालीवर होतोय. सॉफ्टवेअरनं पुसला होता, मी परत आणला.” नीताचा आवाज खुलला होता. “बोट आहे ती. जुन्या कॅसेटमध्ये कडा कापल्या होत्या, म्हणून आजवर कुणाला दिसली नाही.”

“असेल कुणा मासेमाराची. उगाच लक्ष जातं तिकडे. पुसलेली बरी.”

“असं नाही हो करता येत. नोकरी जाईल माझी,” ती हसत म्हणाली.

रविंद्रराव हसले नाहीत. लिफ्टनं खाली गेले आणि ब्लॉकभोवती फेऱ्या मारत राहिले.

ती बोट त्यांना चांगली ठाऊक होती. त्या सकाळी आठ ते बाराचा टेहळणीचा वॉच त्यांचा होता. माणसं वर घेऊन झाली, कॅप्टन चौकशी करून ‘सगळे आले’ म्हणाला, जहाज निघालं, आणि दुर्बिणीत तो ठिपका आला. एवढा वेळ मोडला म्हणून कॅप्टन आधीच तापला होता. चोवीस वर्षांचा थर्ड ऑफिसर गप्प बसला. मासेमार असतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी रेडिओवर उलटलेल्या एका बोटीची खबर आली.

हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तसंच निभावलंही असतं. पण सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या ब्लॉकमधल्या मिसेस क्वोक भेटल्या. त्या एकसष्टांतल्याच एक निघाल्या. तेव्हापासून दर रविवारी त्या वाफवलेला तांदळाचा केक घेऊन यायच्या आणि समोर बसून तेच विचारायच्या.

“त्या सकाळी दुर्बीण तुमच्याकडेच होती ना? सगळं स्पष्ट दिसत होतं?”

“दिसत होतं की. समुद्र.”

मग त्या मान हलवायच्या. ही बाई आपल्याला देव मानते, आणि ब्लू-रे आली की हा देव उघडा पडणार, या विचारानं त्यांची झोप उडाली होती.

ब्लू-रे आली तशी त्यांनी प्लेअर बिघडल्याचं जाहीर केलं. पुढच्या रविवारी रिमोट हरवला; तो त्यांनी स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवला होता.

“नो हरी, लाह, घाई नाही,” मिसेस क्वोक म्हणाल्या आणि दोन्ही वेळा लगेच उठून गेल्या.

तिसऱ्या रविवारी नीतानं भात टाकायला डबा उघडला आणि सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं. मिसेस क्वोक आल्यावर तिनंच सिनेमा लावला आणि चहा करायला आत गेली.

टीव्हीवर समुद्र पसरला. दोराची शिडी, वर चढणारी माणसं, कुणाचं तरी मूल. जहाज वळू लागलं आणि डाव्या कोपऱ्यात ठिपका हलला.

मिसेस क्वोक उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

धूळ आहे, एवढंच म्हणायचं होतं. रविंद्ररावांनी तोंडही उघडलं. पण पंचेचाळीस वर्षांचा शीण एकदम अंगावर आला.

“बोट आहे. तुमच्यासारखीच माणसं होती तिच्यात. मला दिसली होती, आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही माझे आभार मानायला येता, आणि मला तोंड कुठं लपवावं ते कळत नाही. यापुढे आला नाहीत तरी मी समजेन.”

मिसेस क्वोक येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

“मी आभार मानायला येत नव्हते, मिस्टर रविंद्र. तुम्ही ती बोट पाहिली होती की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मागे अजून कोणी आहे का, असं तुमच्या कॅप्टननं आम्हाला विचारलं होतं. इंग्रजी येणारी मी एकटीच. मी वळून त्या बोटीकडे पाहिलं, आणि ‘नो, सर’ म्हटलं.”