थोरल्याने बोललेली किंमत

हरिश्चंद्र मेकॅनिक गाडीखालून बाहेर येईपर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. साल्वादोर पडवीच्या पायरीवर बसला होता. लिओन अंगणातल्या फणसाला टेकून उभा होता. नऊ वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. कारण काय, तर माडाच्या बागेतला हद्दीचा एक दगडी गडगा. तो हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून सख्खे भाऊ तोंड फिरवून बसले होते. आता याला काय म्हणावं.

गाडी मात्र दोघांची होती. पासष्ट वर्षांपूर्वीची, दोन सीटची, उघड्या टपाची हिरवी एमजी. पप्पांनी ती गोव्याहून आणली तेव्हा अर्धं मालवण बघायला लोटलं होतं म्हणे. पप्पा गेल्यावर ती थोरल्या साल्वादोरकडे राहिली. तो निवृत्त मास्तर. दर रविवारी मिस्साहून आला की आधी गाडी गोड्या पाण्याने धुवायचा, मग जेवायला बसायचा. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा खाल्ला नाही तो त्यामुळेच. बायको सेलेस्तीन म्हणायची, माझ्या दुखण्यात इतकी सेवा केली असती तर मी पुन्हा तरुण झाले असते.

धाकट्या लिओनचं निराळंच होतं. त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. छाती उघडली तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, म्हणून मांडीतल्या शिरेतून नवी झडप बसवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खर्च अठरा लाख, आणि नाताळपर्यंत थांबायचं नाही. लिओनने हे कोणाच्या कानावर घातलं नाही. मोडेन पण वाकणार नाही, अशातला माणूस. त्याच्या मुलीने, ॲश्लिनने, रडत रडत काकीला फोन केला म्हणून या घरात कळलं. पण गाडीतला वाटा हक्काचा होता. तेवढ्यासाठी तो नऊ वर्षांनी या अंगणात आला होता.

किंमत ठरवायला हरिश्चंद्र खास बांद्याहून आला होता. त्याने गाडीच्या सगळ्या अंगावरून लोहचुंबक फिरवलं. पत्रा सडून तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असेल तर ते चिकटत नाही. ते कुठेच सुटलं नाही. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून झाला. मग हात पुसत तो म्हणाला, "चोवीस लाख. मुंबयचो गिराईक माझ्या शब्दार देतलो."

दारात उभ्या सेलेस्तीनने मनात हिशेब केला. बारा आणि बारा. लिओनला सहा कमी पडतील, पण बारा तर हातात येतील. बाकीचं कुठूनतरी उभं राहील.

पण पप्पांनी मरताना वाटणीचा जुना नियम घालून दिला होता. वाटे थोरल्याने करायचे, उचलायचे धाकट्याने. गाडीचे काही तुकडे होत नाहीत. तेव्हा किंमत थोरल्याने बोलायची, आणि त्या किमतीला धाकट्याने ठरवायचं: अर्धे पैसे घेऊन गाडी सोडायची, की अर्धे देऊन गाडी न्यायची.

"चार लाख," साल्वादोर म्हणाला.

हरिश्चंद्राला वाटलं, मास्तरांना ऐकू आलं नाही. "मास्तर, मी चोवीस म्हटलंय."

"आयकलंय. किंमत मी बोलूची आसा, तू नाय. चार."

चारचे अर्धे दोन. भाऊ मरणाच्या दारात उभा, आणि हा त्याच्या हातावर दोन लाख टेकवून चोवीस लाखांची गाडी आपल्या शेडमध्ये ठेवू बघतो. लिओनची गाठ रिकामी आहे, तो गाडी घेऊच शकत नाही, असा हिशेब धरून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. सेलेस्तीनला नवऱ्याची इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

लिओन फणसापासून पुढे आला. ओठ निळसर पडले होते, श्वास पुरत नव्हता, पण आवाज खणखणीत होता.

"गाडी सोडवत नाय ना तुका? तुका वाटला, दोन लाख घेऊन हो गप जातलो. जाणा नाय मी. गाडी मी घेतंय."

"तुझ्याकडे पैशे खंय आसत?" साल्वादोर जागचा न हलता म्हणाला.

झालं. लिओनने चेकबुक काढलं. बँकेत अडीच लाख होते, त्यातल्या दोनचा चेक फाडून त्याने भावाच्या पायाशी टाकला. साल्वादोरने कागदांवर सही केली आणि किल्ली काढून दिली. हरिश्चंद्र स्टिअरिंगवर बसला, लिओन त्याच्या शेजारी. "मुंबयवाल्याक आजच फोन लाव," लिओन भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "चोविसाक." गाडी अंगणाच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली.

सेलेस्तीनने इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं आता बाहेर आलं.

"गाडीय गेली नि भावय गेलो. मेल्यार तुमच्या तोंडात पाणी घालूक तरी येतलो काय तो?"

साल्वादोर रिकाम्या शेडकडे बघत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता.

"चोविसातले दोन गेले," तो म्हणाला. "बावीस ऱ्हवले. ऑपरेशनाक पुरतले मां?"

ती हळूच त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "असा होता तर सरळ हातात देवचे होते."

"मे म्हयन्यात चेक धाडलेलो. पाकिटासकट परत इलो. दिलेलां तो घेणा नाय गो. माझ्याकडसून हिसकावन घेतलेलांच तेका पचता, ल्हानपणापासून."