इराचा प्रश्न

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाळणाघराने मृदुला सोनवणेला तिची मुलगी द्यायला नकार दिला. चार वर्षांची इरा तापाने फणफणली होती. रोज मृदुलाची हुबेहूब यंत्रप्रत तिला न्यायला येई. आज ती बंद पडली, म्हणून मृदुला स्वतः कारखान्यातून धावत आली. पण खोट्या प्रतींनी मुलं पळवल्यापासून मुलाच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय दार उघडत नसे.

“काल झोपताना कोणती गोष्ट सांगितलीस?” इराने जाळीआडून विचारलं.

गोष्ट प्रतीने सांगितली होती. मृदुलाने नवऱ्याला फोन लावला.

“श्रीरंग, काल घरी तू होतास ना?”

“अगं, मीही प्रतच पाठवली होती.”

“ताई, रडून उपयोग नाही,” संचालिका म्हणाल्या. “प्रतीही अशाच रडतात.”

सहा चाळीसला इराचा ताप एकशे तीन होता. मृदुलाने सांगितलेली अकरावी गोष्टही चुकली होती.