कौस्तुभचा पहिला स्टेक

“घरात बीफ शिजलं तर मला मळमळतं,” असं लग्नानंतर कौस्तुभ म्हणाला आणि माहेरी नागपूरला आवडीने खाल्लेलं बीफ संघमित्राने नऊ वर्षं तोंडात घातलं नाही. आज त्याचा ऑफिसातला मित्र प्रताप जेवायला आला, तेव्हा प्रतापच्याच हट्टापायी टेक्सासमधल्या त्यांच्या शुगर लँडच्या घरामागे पहिल्यांदाच बीफ स्टेकसाठी ग्रिल पेटली.

“मी बीफला कधी हातसुद्धा लावलेला नाही गं, व्हिडिओ बघून करतोय,” कौस्तुभ म्हणाला.

तिला त्याची कीव आली. स्टेक उतरताच ती सुरी घेऊन धावली.

“थांब! पाच मिनिटं तसाच राहू दे, नाहीतर सगळा रस जातो,” अंगठ्याने दाबून बघत तो म्हणाला.

पहिल्याच घासाला प्रतापने मान डोलावली. “यार, दर संडेला माझ्याकडे करतोस तस्साच जमलाय!”

म्हणजे मळमळ बीफची नव्हतीच. तिच्या माहेरची होती.