गर्भकड्यावरची नोंद

डोहाळजेवणाचं ताट वाढलं तेवढ्यात शलाकाच्या मनगटावरचं गर्भकडं लाल झालं. गर्भवतीच्या रक्तात मद्य आढळलं की कडं आरोग्य केंद्राला कळवतं, हे जमलेल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

"पोटुशी असून दारू पितेस?" नवरा हेरंब सगळ्यांदेखत ओरडला.

शलाका सासूबाईंकडे वळली. "आई, मघाशी खोकल्यावर मध म्हणून काय पाजलंत?"

"मधच. दोन चमचे ब्रँडी घातली. हेरंबनेच बाटली काढून दिली. औषध ते, दारू का असते?"

एवढ्यात केंद्रातल्या सिस्टर डोंगरदिवेंचा फोन आला, तो शलाकाने स्पीकरवर टाकला. सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "दोन चमच्यांनी काय होतंय?"

"किती चालते ते कुणालाच सांगता येत नाही, आजी. बाळाच्या मेंदूला धोका असतो, म्हणून थेंबही नको. नोंद मात्र आईच्याच नावावर होते. अशा तीन झाल्या की बाळ केंद्राच्या ताब्यात जातं. पाजणाऱ्यासाठी रकाना नाही."

"मग कोऱ्या जागेत लिहा," शलाका म्हणाली. "हिने प्यायली नाही, हिला फसवून पाजली. नावं मी सांगते."

पहिलं नाव तिने हेरंबकडे बघत सांगितलं.